उत्तरेला फुटलेलं तांबडं

वैशाख लागला की माझे पाय धुतले जातात. इतरांच्या पायांना या दिवसांत चटके बसतात, टाचा फुटतात. माझे मात्र पितळी परातीत ठेवून, वर गार पाणी घालून, कोऱ्या पंच्याने टिपले जातात. उमरीत कुणाचंही लग्न असो, अक्षता पडल्या की पंगत बसायच्या आधी खडकवाडीची चार माणसं पाटावर बसवायची आणि लग्नघरच्या बाईने त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, असा त्या गावाचा रिवाज आहे. खडकवाडी म्हणजे आमचं गाव, वडवणीच्या बाजारापासून बैलगाडीच्या पल्ल्यावर. उमरी आमच्या उत्तरेला, ओढ्यापलीकडे. वैशाखात आमच्या मुलखातली बाई पाहुण्याला प्यायला पाणी देतानासुद्धा आधी रांजणात डोकावून बघते. तिथे पायांवर पाणी घालतात म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मी खाली बघत बसतो. लोक म्हणतात, पाटील लई विनयाचे.

घरात मी गोष्टीवेल्हाळ म्हणून ओळखला जातो. बारसं असो, बोहलं असो, जेवणं उरकून सुपारी फिरायला लागली की कुणीतरी म्हणतंच, ‘‘आता दादाला बोलतं करा.’’ मग मी आमच्या चुलत्याने घोडी समजून गाढव कसं विकत घेतलं ते सांगतो, लोक हसतात, मी आणखी तिखटमीठ लावतो. पण वैशाखातली ती एक गोष्ट मी कधी सांगत नाही. ती उमरीवाले सांगतात, माझ्यासमोर, माझ्या कौतुकाची. मी ऐकतो आणि सुपारी चावतो.

यंदा वैशाख आला तो माझ्या लेकीचं, गोदीचं लग्न घेऊन. सोयरीक उमरीतली. रुखवताच्या शेवया सुकायला टाकल्या होत्या, अंगणात कडुलिंबाचा मोहोर गळून त्यांच्यावर पडत होता आणि गोदीची आई एकेक फूल वेचून काढत मला म्हणत होती, ‘‘तुमी नुसते बसलाव. हात लावा की.’’ मोहोराचा तो कडसर गोड वास नाकात शिरला आणि मी चटकन उठून उभा राहिलो. ‘नुसते बसलाव’ हा शब्द मला वैशाखात सोसत नाही.

तो वैशाख असाच होता, फक्त पाणी याहून कमी. आदल्या साली पावसाने तोंड फिरवलं होतं. ओढ्याची वाळू इतकी तापायची की दुपारी कुत्रंसुद्धा ती ओलांडताना पाय उचलून उचलून नाचायचं. विहिरींत रात्रभर झऱ्याने जे काही झिरपेल तेवढंच दिवसाचं पाणी. ते दुसऱ्या कुणी उपसायच्या आत बाया चांदण्यातच विहिरीवर जाऊन बसत. माणसं अंगणात, ओट्यावर, छपरावर, जिथे वारा असेल तिथे झोपत. आणि सगळ्यांना एकच धास्ती: कडब्याच्या गंजींची. ज्वारीचा कडबा रचून ठेवलेला, उन्हाने कडकडीत झालेला. त्यावर एक ठिणगी पडली तर वर्षभराची वैरण जाते, आणि वैरण गेली की बैल जातात. म्हणून आमच्याकडे एक न बोललेला कायदा होता. आभाळ तांबडं दिसलं की विचारायचं नाही कुणाचं जळतंय. हाताला येईल त्यात पाणी घ्यायचं आणि पळायचं.

उमरीशी मात्र आमचं वाकडं होतं. ओढ्यावरच्या बांधावरून. बांध त्यांनी घातला, पाणी त्यांच्याकडे वळलं, आम्ही तहशिलीत गेलो. तेव्हा राज्य हैदराबादचं, निकालाचा कागद उर्दूत आला. तो दोन्ही गावांतल्या कुणालाही वाचता येईना, त्यामुळे दोन्ही गावं आपणच जिंकलो असं समजून आणखी जोराने भांडू लागली. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, तेव्हा पाटील. त्यांनी उमरीच्या दिशेला तोंड करून जेवायचंही सोडलं होतं. मी पंचविशीचा, लग्न होऊन गेलेला, जीभ चुरूचुरू चालणारा. उमरीवर नवीन टोमणा काढला की तात्या खूश होत. बापाला खूश करायचा तेवढा एकच मार्ग मला साधला होता.

एका पहाटे, बाया विहिरीवर जायच्या सुमाराला, कोंबडं आरवलं. तात्या उठले, बोटावर मिश्री घेतली, आभाळाकडे बघितलं आणि तांबडं फुटलं म्हणून हात जोडले. जोडलेले हात तसेच राहिले.

‘‘आरं,’’ तात्या म्हणाले, ‘‘दिस चुकला काय रं?’’

तांबडं उत्तरेला फुटलं होतं.

डोंगराच्या काठाला टेकून एक लाल पट्टा उभा होता. शेंदरी नव्हता, केशरीही नव्हता. डाळिंबाची साल वाळली की होते तसा गडद लाल. हळूच फिका व्हायचा, हळूच दाट व्हायचा, ओलं लुगडं वाऱ्यावर वाळत घालावं तसा. आवाज काही नाही. गाव जागं झालं. कुणी म्हणालं, नारायणगडाकडं काही पेटलं असंल. तात्या ओट्यावर चढले, कपाळावर हात आडवा धरून बघितलं आणि निकाल दिला, ‘‘उमरी हाय. कडबा पेटलाय त्येंचा.’’

आता मला आठवतं की त्या लालीतून तारे दिसत होते. स्वच्छ दिसत होते. धुराचा पत्ता नव्हता, वास नव्हता. कडबा जळतो तेव्हा धुराने आधी तारे गिळतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आम्हाला उमरी जळायला हवी होती, म्हणून उमरी जळत होती.

घागर कुणी उचलली नाही. पळायचा कायदा सगळ्यांना ठाऊक होता. म्हणून तर जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तात्या खाली उतरले, वेशीबाहेरच्या शेताच्या बांधावर जाऊन बसले आणि चिलीम भरू लागले. झालं. पाटील बसले म्हटल्यावर गाव बसलं. पायाला दगड टोचतोय म्हणून कुणी सरकून बसलं, कुणी घोंगडी आणली. तमाशाला बसावं तसं आम्ही बसलो. आणि मी, गोष्टीवेल्हाळ, म्हणालो, ‘‘तात्या, चिलमीला इस्तू नसंल तर उमरीतनं आणू का?’’

लोक हसले. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून पाठीवर आहे.

हसणं पुरतं विरलंही नसेल, तोवर मागून, दक्षिणेकडून, धावत्या पावलांचा आवाज आला. बोरवाडी आली होती. बोरवाडी म्हणजे आमच्या खालच्या अंगाची मूठभर घरांची वस्ती, एक विहीर, तिचंही तळ दिसणारं. ती सगळी वस्ती घागरी, कळशा, डेरे घेऊन पळत आली होती. एका बैलावर पाण्याची कातडी पखाल लादलेली. बायांची लुगडी पाण्याने भिजून पायांत अडकत होती. सगळ्यांत पुढे हरिबा, खांद्यावर घागर, छाती भात्यासारखी हलत असलेली. त्यांना लाली दिसली होती आणि त्यांच्या उत्तरेला आम्ही होतो. खडकवाडी पेटली म्हणून ते आमच्यासाठी पळत आले होते. रात्रभर झिरपलेलं सगळं पाणी उपसून.

हरिबाने आमच्या धडधाकट गंजी बघितल्या, मग आम्हाला बघितलं. ‘‘पाटील, आग कुठं हाय?’’

‘‘उमरीला,’’ तात्या म्हणाले.

‘‘मंग तुमी हितं कशाला बसलाव?’’

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला वाटलं असावं, काही कारण असेल. तात्यांची भरलेली चिलीम हातात तशीच राहिली. आणि आम्ही उठलो. पाण्याशिवाय उठलो, कारण आता घरी जाऊन घागर आणायची म्हणजे ती आधी आणली नव्हती हे पुन्हा दाखवायचं. बोरवाडी पळत पुढे, आम्ही मोकळ्या हाताने मागे.

पुढचं सांगताना माझी लेखणी अडखळते, तरी सांगतो. उमरीची वेस दिसू लागली तसे तात्या भराभर पुढे झाले. पाटलाने मागून चालायचं नसतं. हरिबाच्या बरोबरीने आल्यावर म्हणाले, ‘‘दमला असशील. आण हिकडं.’’ आणि त्याच्या खांद्यावरची घागर घेतली. मी एका म्हातारीच्या कमरेची कळशी घेतली. आमच्या बाकीच्यांनीही कुणाचं ना कुणाचं भांडं घेतलं. दयेने घेतलं असं तेव्हा वाटलं. अशा वेळी स्वतःला काय काय वाटवून घेता येतं!

उमरी रिकामी होती. दारं सताड उघडी, चुली थंड. जळत काहीच नव्हतं. लाली आणखी तेवढीच लांब, पलीकडच्या पारडी गावावर उभी. उमरीवाले घागरी घेऊन पारडीची आग विझवायला गेले होते. पारडीवाले त्याच्याही पुढच्या गावाला गेले होते, हे मागाहून कळलं. त्या पहाटे किती गावं अशी आपल्या उत्तरेच्या गावासाठी पळत होती कुणास ठाऊक. दिल्लीपर्यंत सगळे पळत असतील. बसलेलं एकच गाव होतं.

एका दारात एक ओली बाळंतीण उभी होती, सरूबाई. सटवी पुजून दोन-चार दिवस झाले असतील. पोर पदराखाली. माणसं गेल्यापासून ती एकटी थरथरत उभी होती. तिने काय बघितलं? भांडणाऱ्या गावचा पाटील, खांद्यावर घागर. त्याचा मुलगा, हातात कळशी. मागे खडकवाडी, प्रत्येकाकडे पाणी. आणि सगळ्यांच्या मागे रिकाम्या हाताचे बोरवाडीवाले.

‘‘खडकवाडीवाले आले!’’ ती ओरडली. ‘‘बया, तुमी आलाव? आमच्यासाठी?’’ आणि ती रडायला लागली.

तेवढ्यात पूर्वेला खरं तांबडं फुटलं, उत्तरेचं त्यात विरून गेलं, आणि उजेडात सगळ्यांची तोंडं दिसू लागली. मी हरिबाकडे बघितलं नाही. आता तात्या बोलतील असं मला वाटलं. तात्यांना मी बोलेन असं वाटलं असावं, कारण बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं. मग उमरीवाले परतले आणि त्यांनी आम्हाला मिठ्याच मारल्या. त्याच आठवड्यात बांध फुटला, त्यांनीच फोडला. आणि आम्हाला इतकी तहान लागली होती की बोरवाडीचं पाणी तिथेच, मिठ्या मारून झाल्यावर, आम्ही पिऊन टाकलं. हरिबा एवढंच म्हणाला, ‘‘पाटील, घागर रिकामी झाली की द्या म्हंजी झालं.’’ ते लोक रिकामी भांडी घेऊन रिकाम्या विहिरीकडे परत गेले. पाय धुवायचा रिवाज पुढच्याच लग्नापासून सुरू झाला. बोरवाडी आमच्या मागून आली होती, एवढंच उमरीच्या गोष्टीत राहिलं.

सरूबाईच्या पदराखालचं ते पोर म्हणजे आमचा जावई. दत्तात्रय. हैदराबादेला शिकून आता वडवणीला मास्तर आहे. हळद लागायच्या आधी नवऱ्या मुलाने सासरी फिरकायचं नसतं, पण हा बाजाराच्या निमित्ताने आला आणि ओट्यावर बसला. दाराआड गोदीची बांगडी वाजली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ‘‘मास्तर, तुमच्या जन्माच्या येळंला आभाळात आग लागलती म्हणत्यात.’’

त्याचे डोळे चमकले. ‘‘मामा, ती आग नव्हती. मामी, जरा परात देता का?’’

गोदीच्या आईने रुखवतातली नवी परात दिली. त्याने खिशातून लोहचुंबक काढला, लोहाराकडून आणलेला लोखंडाचा भुगा परातीत पसरला, चुंबक खालून लावला आणि परातीला टिचकी मारली. भुगा सरकत सरकत दोन टोकांशी गोळा झाला, ताठ उभा राहिला.

‘‘आम्हाला हे उर्दूत शिकवलं,’’ तो म्हणाला. ‘‘चुंबकाला मकनातीस म्हणायचं. पृथ्वीच्या पोटात असाच एक मकनातीस आहे. सूर्य नुसतं ऊन देत नाही, तो विजेचे अगदी बारीक कण फेकतो. ते आपल्या अंगावर सरळ पडत नाहीत. पृथ्वीचा चुंबक त्यांना वळवून दोन टोकांकडे, उत्तर-दक्षिण ध्रुवांकडे नेतो. तिथे ते उंचावरच्या विरळ हवेवर आपटतात आणि हवाच उजळते. खालच्या अंगाला हिरवी, फार वर लाल.’’

‘‘मंग आपल्याला लालच का दिसलं?’’

‘‘एरवी ते आपल्याकडून दिसतच नाही. सूर्य खवळला की उजेड दक्षिणेकडे सरकतो. तरी आपण लांबच. डोंगराआड माणूस उभा असला की नुसता फेटा दिसतो ना, तसं. आपण फेटा बघितला.’’

गोदीच्या आईने परातीतल्या भुग्याकडे नाराजीने बघत विचारलं, ‘‘अन् चांदोबावर बी व्हतं का असं?’’

‘‘नाही मामी. कण तिथेही पडतात, पण चंद्राला हवाच नाही. उजळणार काय? त्यालाही सूर्य तोच, मारा तोच. गुरू ग्रहाला हवा आहे, पोटात चुंबक असला तर तिथे असा उजेड होत असेल. अजून कुणी बघितलेला नाही. शुक्राचं तर काहीच कळत नाही, तो ढगांत तोंड लपवून बसलाय.’’

त्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘‘पण आई म्हणते, तसलं काही नव्हतं. आभाळाने खडकवाडीची परीक्षा बघितली आणि खडकवाडी पास झाली.’’

मी परात उचलून भुगा झटकू लागलो. काठावरच्या नक्षीत अडकलेला काही केल्या निघेना.

त्या दिवसापासून डोक्यात हेच घोळतं. तो सूर्य त्या पहाटे कुणा एकावर खवळला नव्हता. त्याने फेकलेलं सगळ्यांवर सारखंच आलं. बोरवाडीच्या पोटात काहीतरी होतं, ते वळलं, पळालं, उजळलं. उमरीच्याही होतं. खडकवाडी त्या पहाटे चंद्र होती. हवा म्हणाल तर तात्यांच्या आणि माझ्या डोक्यात भरपूर होती. पण पोटात लोखंड नव्हतं. आणि चंद्राचं कसं, स्वतः काही न करता दुसऱ्याच्या उजेडावर तो वर्षानुवर्षं चमकतो आणि लोक त्याला ओवाळतात.

लग्नाच्या आमंत्रणाला मी स्वतः बोरवाडीला गेलो. हरिबा आता काठी टेकत चालतो. म्हणाला, ‘‘पाटील, तुमी कशाला आलाव? निरोप धाडला असता तरी आलो असतो.’’ येणार हे मला ठाऊकच होतं. बोलावलं की येतात, न बोलावताही येतात.

लग्न उमरीत, नवऱ्या मुलाच्या दारी. अक्षता पडल्या. मांडवात पाट मांडले. गोदीच्या रुखवतातलीच परात आणली. सरूबाई, आता माझ्या विहीणबाई, तांब्या घेऊन समोर बसल्या. म्हणाल्या, ‘‘व्याही, पाय म्होरं घ्या.’’

मी उभा राहिलो. पलीकडे गोदी बाशिंग बांधून बसलेली. आता तोंड उघडलं तर तिला या घरात काय काय ऐकावं लागेल, हा विचार येऊन गेला. तरी म्हणालो, ‘‘हा पाट माझा न्हाई. त्या पहाटे आमी यायला निघालोच नव्हतो. बांधावर बसून तुमची आग बघत होतो. मी तर चिलमीला इस्तू आणू का म्हणलो. पाणी बोरवाडीचं होतं. येशीत आल्यावर आमी घागरी हिसकून घेतल्या.’’

मग माझा थोरला मेहुणा मांडीवर थाप मारून म्हणाला, ‘‘दादा सुरू झाले!’’ आणि मांडव हसायला लागला. ‘चिलमीला इस्तू’वर तर लोक लोळले. उमरीचा एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, ‘‘आवो पाटील, लेकीच्या लग्नात तरी थापा मारू नगा!’’ कुणीतरी म्हणालं, ‘‘केवढा मोठेपणा बघा, मान दुसऱ्याला देऊ लागले.’’ मी म्हणत राहिलो, ‘‘खरं हाय, आईशपथ खरं हाय,’’ आणि ते आणखी हसत राहिले. आयुष्यभर हसवण्यासाठी खोटं सांगितलं होतं. आता खरं सांगायला तेच तोंड होतं, दुसरं कुठून आणू?

हसल्या नाहीत त्या विहीणबाई. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी मांडवाच्या कडेला बसलेल्या हरिबाकडे बघितलं. तोही हसत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता, जणू लाज त्याचीच होती.

‘‘हरिबादादा,’’ सरूबाई म्हणाल्या, ‘‘म्होरं या.’’

तो ‘नगं नगं’ म्हणत आला. त्यांनी त्याला माझ्या पाटावर बसवलं. मांडवातलं हसू थोडं थोडं करत थांबलं. मग त्यांनी तांब्या त्याच्या पायांवर कलता केला नाही. तो माझ्यापुढे धरला.

‘‘धरा व्याही. पाणी तुमी घाला.’’

मी खाली बसलो. हरिबाच्या टाचा पार फुटल्या होत्या, भेगांत काळी माती. परातीच्या नक्षीतला लोखंडाचा भुगा पाण्यात सुटून त्याच्या पायांभोवती फिरू लागला. माझ्या हातून धार वाकडी जात होती, पाणी परातीबाहेर सांडत होतं. हरिबा वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला,

‘‘जरा बेतानं वता, पाटील. वैशाख हाय.’’